सेकंडहँड जीएलई २५०डी घेतली; इंजिन ऑइल कोणतं टाकावं?

हिंजवडीचा हमाल

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मनात होतं ते यंदा केलं. मर्सिडीज जीएलई २५०डी घेतली. २०१७ ची, एमएच-१२ पासिंग, काटा ६८ हजारांवर. नवी घ्यायची ऐपत नाही आणि ते सांगायला लाजही नाही. आधीचे मालक दोन. पहिल्याने सगळ्या सर्व्हिस कंपनीत केल्या, त्याची नोंद मिळाली. दुसऱ्याने ‘बाहेर’ केल्या. कुठे केल्या, काय टाकलं, कधी टाकलं, एक कागद नाही. बोनेटखाली स्टिकर आहे, त्यावर पुढच्या सर्व्हिसचा किलोमीटरचा आकडा आणि अर्धवट पुसलेला शिक्का.

ऑइल लगेच बदलायचं ठरवलंय, पण कोणतं, इथे घोडं पेंड खातंय. ज्याने गाडी विकली तो म्हणाला, “साहेब, आपल्या उन्हाला १५डब्ल्यू-४०च लागतं, बिनधास्त टाका.” मेव्हणा म्हणतो ०डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, त्याच्या वरचं काही नाही. वाकडच्या एका गॅरेजवाल्याने कोपऱ्यातल्या ड्रमकडे बोट दाखवलं, “जर्मन गाड्यांना आपण सरसकट हेच घालतो.” ड्रमवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं, पुढे काहीच नाही.

वापर: आठवडाभर बाणेर ते हिंजवडी, म्हणजे अंतर चिमूटभर आणि वेळ पोतंभर. अधूनमधून कोल्हापूर, किंवा ताम्हिणीतून कोकण.

‘एवढी गाडी घेतलीत तर कंपनीतच द्या’ हे उत्तर कृपया नको. ते मलाही सुचलंय.

सदाशिव पेठी तिरकस

एवढी गाडी घेतलीत तर कंपनीतच द्या.

जुनीफियाट

अभिनंदन! पेढे कुठे मिळतील ते कळवा.

ऑइलचं म्हणाल तर मी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनीत २०डब्ल्यू-५० घातलं आणि इंजिन उघडायची वेळ आली नाही. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. त्यात पातळ ऑइल म्हणजे पाणीच की. ती पातळ ऑइलं युरोपातल्या बर्फासाठी. विकणारा म्हणतो ते अगदीच चूक नाही. १५डब्ल्यू-४० टाका आणि निवांत झोपा.

टॉर्कराव

काका, पद्मिनीबद्दल आदर आहेच, पण त्या इंजिनात टर्बो नव्हता आणि सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टरही नव्हता. जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचं. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा ५ एवढंच सांगतो की उणे ३० अंशांतही स्टार्टर इंजिन फिरवू शकेल. १५डब्ल्यू असेल तर तीच हद्द उणे २० अंश. पुण्याच्या थंडीत यातलं काही अडत नाही, त्यामुळे ० की ५ यावर वाद घालणं आपल्यासाठी वेळ घालवणं आहे. एक मात्र आहे. सकाळी गार इंजिन सुरू करताना १५डब्ल्यू वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं, आणि जीएलई २५०डी मध्ये एक नाही, दोन टर्बो आहेत. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ते तिथे लवकर पोचलेलं बरं.

नंतरचा ३० किंवा ४० हा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती घट्ट राहतं त्याचा आकडा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. इथेच ‘आपला उन्हाळा’ हा मुद्दा गळून पडतो. बाहेर १२ अंश असो की ४०, थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलरमुळे गरम झालेल्या इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० च्या पट्ट्यातच राहतं. बेअरिंगला मे महिना कळत नाही.

बरं, ३० म्हणजे पातळ हेही सरसकट खरं नाही. बेअरिंगमध्ये दाब आणि वेग दोन्ही असताना ऑइलचा थर किती टिकतो हे १५० अंशांना मोजतात, त्याला एचटीएचएस म्हणतात. साध्या ३० ला किमान २.९ चालतं. पण एसीईए, म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, तिच्या सी३ वर्गात बसणाऱ्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतं, आणि ५डब्ल्यू-४० लाही किमान तेवढंच. म्हणजे डब्यावरचा ३० वाचून घाबरायचं कारण नाही.

आता खरा मुद्दा. तुमच्या गाडीसाठी ग्रेडपेक्षा महत्त्वाची आहे ती राख. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची संयुगं घातलेली असतात. इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि ती जळली की राख उरते. डिझेलची काजळी अडवायला एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो. शेगडीतला कोळसा जळून जातो पण राख तळाशी राहते, तसंच इथे. काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, राख कायमची बसते. फिल्टर हळूहळू भरत जातो आणि एक दिवस बिल येतं. म्हणून सी३ वर्गात राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. ए३/बी४ वर्गात ती १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

तुमच्या मेव्हण्यांच्या ०डब्ल्यू-४० ची बरीचशी ऑइलं याच ए३/बी४ मधली. ऑइल उत्तम, गाडी चुकीची. १५डब्ल्यू-४० पैकी बहुतेक ट्रक-बस डोळ्यांसमोर ठेवून केलेली.

तेव्हा डब्यावर शोधायचं ते एमबी २२९.५१ किंवा एमबी २२९.५२. हे मर्सिडीजचे स्वतःच्या मंजुरीचे क्रमांक, राख कमी असलेल्या ऑइलसाठी. हे असेल तर ५डब्ल्यू-३० घ्या, ५डब्ल्यू-४० घ्या, ०डब्ल्यू-३० घ्या, मला फरक पडत नाही आणि इंजिनालाही फारसा पडणार नाही. हा क्रमांक नसेल तर बाकी डब्यावर काहीही सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असो, खाली ठेवा.

घाटमाथा

टॉर्करावांना दंडवत. वाचनखूण साठवली.

माझी २०१४ ची क्यू५ टीडीआय आहे. तिला पण २२९.५१ च का?

टॉर्कराव

नाही, तिची कुंडली वेगळी. ऑडी म्हणजे फोक्सवॅगनचं घर, तिथे ५०७ ०० बघा, बहुतेक वेळा ५०४ ००/५०७ ०० असं जोडीने लिहिलेलं असतं. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या डिझेलना लाँगलाइफ-०४. बरीच ऑइलं तिन्ही मंजुऱ्या एकदम मिळवतात, त्यामुळे एकच डबा तिन्ही गाड्यांना चालू शकतो. फक्त ५०८ ००/५०९ ०० या ०डब्ल्यू-२० च्या वाटेला जाऊ नका. ते नव्या इंजिनांसाठी आहे, जुन्यांना चालत नाही.

हिंजवडीचा हमाल

टॉर्कराव साहेब, मनापासून आभार. दोन शंका.

१. काल एका दुकानात डबा पाहिला, त्यावर ‘मीट्स एमबी २२९.५१’ असं होतं. दुसऱ्यावर ‘एमबी-अप्रूव्हल २२९.५१’. एकच की वेगळं? भावात बराच फरक आहे.

२. माझी गाडी बीएस-४ मधली. तिच्यात डीपीएफ आहे की नाही तेच नक्की माहीत नाही. नसेल तर हा सगळा खर्च फुकट का?

टॉर्कराव

१. वेगळं. ‘अप्रूव्हल’ म्हणजे ऑइल कंपनीने नमुना दिला, चाचण्यांचे पैसे भरले आणि मर्सिडीजने यादीत नाव घातलं. ‘मीट्स’, ‘सुटेबल फॉर’, ‘रेकमेंडेड फॉर’ म्हणजे ऑइल कंपनी स्वतःच सांगतेय की आमचं चालेल. खरंही असू शकतं, पण तपासलेलं कुणी नाही. मर्सिडीजची ‘बेवो’ नावाची साइट आहे, तिथे शीट २२९.५१ आणि २२९.५२ उघडा, मंजूर ऑइलची पूर्ण यादी नावानिशी आहे. फुकट आहे. दुकानात उभं राहून मोबाइलवर बघता येते.

२. चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगू शकतं. बीएस-४ काळात मॉडेलनुसार फरक होते, अंदाज करू नका. पण ऑइलची निवड त्यासाठी थांबवायची गरज नाही. डीपीएफ असेल तर २२९.५१ लागतंच, नसेल तर त्याने काही बिघडत नाही.

जुनीफियाट

बिघडत नाही कसं? राख कमी म्हणजे ॲडिटिव्ह कमी. ॲडिटिव्ह कमी म्हणजे आम्ल मारायची ताकद कमी. आमच्या कारखान्यात जनरेटरचं ऑइल बदलताना टीबीएन, म्हणजे त्याच ताकदीचा आकडा, बघूनच बदलायचो, मला शिकवू नका. आपल्या डिझेलमध्ये गंधक असतं.

टॉर्कराव

काका, मुद्दा एकदम बरोबर, काळ जुना. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल होतं आणि टीबीएन ते मारतो. राख कमी असलेल्या ऑइलचा टीबीएन कमी असतो हेही खरं. पण गंधकच गेलं त्याचं काय? बीएस-३ च्या डिझेलला ३५० पीपीएमपर्यंत मुभा होती. एप्रिल २०१० मध्ये १३ शहरांना बीएस-४ इंधन मिळायला लागलं, ५० पीपीएम. त्यात पुणे होतं आणि आपलं सोलापूरही होतं. तेव्हा शहरात भरलेलं डिझेल एक आणि गावाकडच्या पंपावरचं दुसरं, अशी गंमत असायची. त्या दिवसांत तुमचा आक्षेप लाखमोलाचा होता. एप्रिल २०१७ पासून देशभर ५०, आणि एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ म्हणजे १० पीपीएम. आता ताम्हिणी उतरून कुठल्याही पंपावर भरा, तेच.

जुनीफियाट

हं. १० पीपीएम असेल तर ठीक. पण २०डब्ल्यू-५० चा आवाज वेगळाच होता हे कुणी नाकारू नये.

सदाशिव पेठी तिरकस

नाकारत नाही. चौकातून ऐकू यायचा.

ग्रीसचा डाग

माझं स्वतःचं गॅरेज आहे, नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. ऑइल कोणतं ते वर आलंच, मी फक्त बदलायचं कसं ते सांगतो, कारण निम्मा घोळ तिथे होतो.

सुटं ऑइल घेऊ नका. ड्रमवरचं लेबल खरं असलं तरी आत पहिल्या दिवशीचंच ऑइल आहे हे तुम्हाला कळणार कसं? सीलबंद डबे स्वतः न्या, समोर उघडायला लावा, रिकामे डबे परत घेऊन या. हा शेवटचा भाग फार जण विसरतात, आणि रिकाम्या ब्रँडेड डब्याला बाजारात गिऱ्हाईक असतं. ते कशासाठी, हे सांगायला नको.

एक पाच लिटरचा डबा तुमच्या इंजिनाला पुरत नाही. सुट्या लिटरच्या बाटल्या जोडीला लागतील. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मेस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका, ऑइल कमी पडणं वाईट तसं जास्त होणंही वाईट.

फिल्टर प्रत्येक वेळी नवा. कागदी कार्ट्रिज असतं, त्याच्यासोबत रबरी रिंगा येतात, त्याही बदलायच्या. मान, माले, हेंग्स्ट यांपैकी कोणत्याही कंपनीचा चालेल. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, नटाचा वॉशर नवा. काही ठिकाणी नट न उघडता वरून नळी घालून ऑइल खेचतात. पद्धत चुकीची नाही, पण इतिहास माहीत नसलेल्या गाडीचा पहिला ऑइल बदल मी नट उघडूनच करतो. खाली काय पडतं ते डोळ्यांनी दिसतं.

आणि जुना फिल्टर फेकायच्या आधी त्याच्या घड्या कापून उघडून बघायला सांगा. चमकणारे कण दिसले तर ऑइल कोणतं ही चर्चा बाजूला ठेवून आधी इंजिन दाखवा. काळा चिकट गाळ दिसला तर आधीच्याने ऑइल बदलायला टाळाटाळ केलीय.

हिंजवडीचा हमाल

दादा, इंजिन फ्लश करू का? एका दुकानदाराने बाटली हातात दिलीच होती.

ग्रीसचा डाग

मी करत नाही. ६८ हजार चाललेल्या, काय टाकलंय ते माहीत नसलेल्या इंजिनात चिकटून बसलेला गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. चांगलं ऑइल आपोआप सावकाश धुतं. आत्ता बदला, चार-पाच हजार किलोमीटरवर पुन्हा ऑइल आणि फिल्टर बदला. दुसऱ्या खेपेला जे ऑइल निघेल तेच तुमचं फ्लश. फ्लशच्या बाटलीचे पैसे त्यात घाला.

त्यानंतर तुमचा वापर पाहता आठ-दहा हजारांवर किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. कंपनी १५ हजार किंवा वर्ष म्हणते, पण हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहून काट्यावर किलोमीटर चढत नाहीत, इंजिनाचे तास चढतात.

या इंजिनाची, म्हणजे ओएम ६५१ ची, टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथपर्यंत पोचायची मजुरी ऐकलीत तर ऑइल महाग वाटायचं बंद होईल.

शून्य किलोमीटर

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बाणेर-हिंजवडी वापर असेल तर ऑइलची पातळी वाढतेय का तेही बघत जा. हो, वाढते.

माझी डिझेल एसयूव्ही दुसऱ्या कंपनीची आहे, नाव महत्त्वाचं नाही, डीपीएफ असलेल्या बऱ्याच गाड्यांत होतं. काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल उशिरा सोडते, म्हणजे एक्झॉस्ट तापावा. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. ही क्रिया पूर्ण झाली तर फार फरक पडत नाही. पण आपण मध्येच ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करतो, मग ती पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. होता होता ऑइलमध्ये डिझेल साठतं. माझी पातळी कमालच्या खुणेच्या वर गेली होती आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत होता.

ओळखायचं कसं: गाडी उभी असताना आयडलिंग नेहमीपेक्षा जरा वर राहतं, बंद केल्यावरही पंखा मोठ्याने फिरत राहतो. असं दिसलं तर बंद न करता बायपासला एक फेरी मारून या. मी आता रविवारी सकाळी एक्सप्रेसवेला अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवून येते. घरच्यांना वाटतं मला गाडीचं वेड लागलंय.

जुनीफियाट

म्हणजे ऑइल पातळ होणारच आहे ना? मग आधीच जाड टाका की!

टॉर्कराव

काका, हा युक्तिवाद चांगला आहे, पण अर्धाच. डिझेल मिसळून फक्त पातळ होत नाही, ॲडिटिव्हही विरळ होतात आणि ऑइल लवकर म्हातारं होतं. जाड ऑइल त्यावर पांघरूण घालतं. उपाय दोनच, ताईंनी सांगितलेला हायवे आणि डाग दादांनी सांगितलेलं लवकर बदलणं. फार हौस असेल तर बदलताना मधल्या धारेतलं थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत द्या. लोखंड, सिलिकॉन, डिझेलचं प्रमाण, चिकटपणा, सगळं कळतं. सिलिकॉन जास्त आलं तर एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय असं समजा. पुण्यातली सध्याची खोदकामं पाहता ते येईलच.

घाटमाथा

ब्रँड कोणता ते कुणी सांगतच नाही! मोबिल की शेल की मोतुल?

ग्रीसचा डाग

कारण त्याने फरक पडत नाही. राख कमी असलेल्या ऑइलचं प्रत्येकाचं कुटुंब आहे. मोबिल १ मध्ये ईएसपी, शेल हेलिक्स अल्ट्रात ईसीटी, मोतुल ८१०० मध्ये एक्स-क्लीन, लिक्वी मोलीत टॉप टेक. पण एकाच नावाखाली दोन-तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाच्या मंजुऱ्या वेगळ्या. पुढचं चित्र बघून घेऊ नका, डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. नाना पेठेत घ्या किंवा ऑनलाइन, वितरक अधिकृत आहे का, पक्कं बिल देतो का एवढं बघा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

पॅडलशिफ्ट

ॲडब्लू कोणतं चांगलं तेही सांगा ना इथेच.

टॉर्कराव

ॲडब्लू म्हणजे धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये सोडतात ते युरियाचं द्रावण. त्याचा आणि इंजिन ऑइलचा संबंध नाही, त्याची टाकी वेगळी. दुसरा धागा काढा, येतो तिकडे.

हिंजवडीचा हमाल

अपडेट देतो.

बेवोची यादी आणि दुकानातला डबा जुळवून २२९.५२ ची मंजुरी असलेलं ५डब्ल्यू-३० घेतलं. मेव्हण्याला राखेचं सांगितलं, तो म्हणाला “मला माहीतच होतं.” वाकडच्या ड्रमवाल्याकडे गेलो नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून नट उघडून काढलं. निघालेलं ऑइल डांबरासारखं काळं होतं, पण मेस्त्री म्हणाले डिझेलचं काळंच निघतं, रंगावरून काही ठरवू नका. फिल्टर कापून बघितला. कण नाहीत, पण तळाला गाळ आहे. म्हणजे डाग दादांनी सांगितलेला दुसरा ऑइल बदल टळत नाही. रिकामे डबे डिकीत टाकून घरी आणले, बायको विचारतेय यांचं काय करायचं.

चासी नंबर सर्व्हिस सेंटरला दिलाय, डीपीएफचं उत्तर आलं की इथे टाकतो.

ग्रीसचा डाग

डब्यांना भोक पाडा आणि मग भंगारात द्या. सर्व्हिसचा काउंटर रीसेट केला का मेस्त्रींनी? नसेल केला तर करून घ्या, नाहीतर गाडी जुन्या हिशेबानेच आठवण करत राहील. आणि पातळी आठवड्याभराने सपाट जागी पुन्हा बघा, तुमच्या सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये नको.

कोथिंबीर वडी

धागा पूर्ण वाचला नाही, माफी. आमची नवीन पेट्रोल हायब्रिड आहे, पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय. बाबा म्हणतात एवढं पातळ नको, ५डब्ल्यू-४० टाकू. टाकू का?

टॉर्कराव

नको. पुस्तकात जे लिहिलंय तेच. त्या इंजिनाचा पंप आणि बेअरिंगमधली फट ०डब्ल्यू-२० धरूनच ठरवलेली आहे, आणि हायब्रिडचं इंजिन दिवसातून कितीतरी वेळा बंद-चालू होतं, तिथे ऑइल झटकन वर पोचणं जास्त गरजेचं. शिवाय वॉरंटीत असेल तर कंपनीला आयतं कारण मिळेल. बाबांना हा धागा वाचायला द्या, जुनीफियाट काकांशी त्यांचं छान जमेल.